माझे चौदाशे, ताईंचे अठराशे

मी आत पोळ्या लाटत होते आणि माझा फोन बाहेर जेवणाच्या टेबलावर राहिला होता. तेवढ्यात नणंदेचा आवाज आला, "चौदाशे बारा!" आणि मागोमाग तिचं हसू.

लाटणं हातात घेऊनच मी बाहेर आले. फोन तिच्या हातात होता. सकाळी मी एक डाव खेळले होते आणि माझ्या रेटिंगचं पान तसंच उघडं राहिलं होतं, तेच ती वाचत होती. विचारून हात लावायची गरज तिला या घरात कधीच वाटली नाही.

"वहिनी, तू बुद्धिबळ खेळतेस? आम्हाला पत्ताच नाही. पण अगं, चौदाशे? माझे अठराशे आहेत."

"असतील," मी म्हणाले.

"बाबा, ऐकलंत का? वहिनीचे चौदाशे."

सासरे पटावर सोंगट्या मांडत होते. मान वर न करता म्हणाले, "चारशेचा फरक म्हणजे तो खेळच नाही." माझे यजमान हसले. फार नाही, पण हसले. तव्यावरची पोळी करपली ती मी कुणाला वाढली हे मला आजही आठवतं. नणंदेलाच वाढली.

लिहिताना मी तिला 'ती' म्हणणार आहे. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण नवऱ्याची बहीण म्हणून ताई म्हणायचं, तुम्ही म्हणायचं, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं. ती मला 'वहिनी, तू' म्हणते. बावीस वर्षं तोंडावर 'तुम्ही' म्हणून झालं, कागदावर तरी माझी सुटका व्हावी.

माझं माहेर राळेगाव तालुक्यातलं. दहावीला मी शाळेत पहिली आले होते. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी हे कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली होती, "शाळेत मुलं किती होती?" ती तेव्हा गणितात एम.एस्सी. करत होती. पुढे यवतमाळच्याच एका कॉलेजात गणित शिकवायला लागली. सासरच्या घरात तीन पिढ्या कचेरीच्या आणि वकिलीच्या. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे, तरी घरात मी 'गावाकडची' ती गावाकडचीच राहिले. तोंडातून 'मले' गेलं की ती हळूच 'मला' म्हणायची, वर्गात म्हणतात तसं.

दर रविवारी ती यायची, जेवायची आणि सासऱ्यांसोबत दोन डाव खेळायची. तिला त्यांनीच शिकवलं होतं. कॉलेजात असताना तिने जिल्ह्याचं बक्षीस मिळवलेलं. तो कप अजून आमच्या दिवाणखान्यात आहे आणि पुसते मी. डाव सुरू असताना मी चहा नेऊन द्यायची आणि जरा उभी राहायची. उंट तिरपा जातो, घोडा अडीच घरं उडी मारतो, हे मी असं उभ्या उभ्या शिकले. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी एकदा म्हणाले होते, "बाबा, मलेही शिकवा ना." सासरे म्हणाले, "त्याला बैठक लागते." मग मी विषय काढला नाही.

काही वर्षांनी ऑफिसच्या पायऱ्यांवर पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. घरकामाला बाई लावली आणि मी पहिल्यांदा दुपारभर रिकामी बसले. तेव्हा फोनवर हिरव्या पटाचं ॲप घेतलं आणि डाव्या अंगठ्याने खेळायला लागले. कोणाशी खेळतेय ते माहीत नसायचं. ब्राझीलचा कुणी, फिलिपिन्सची कुणी. त्यांनाही माहीत नव्हतं की मी कुठली आणि माझी बैठक कशी आहे. जिंकलं की आकडा वाढायचा, हरलं की उतरायचा. मी सहाशेच्या आसपास सुरुवात केली होती. प्लास्टर निघालं तरी जेवणाच्या सुट्टीत खेळत राहिले. चौदाशेपर्यंत यायला मला दोन वर्षं लागली. घरात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ती एकच गोष्ट माझी एकटीची होती.

आणि तीच तिने टेबलावर उघडी केली.

त्या रविवारनंतर माझं नाव 'चौदाशे' पडलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पुरणपोळीचा फोटो टाकला की तिचं उत्तर, "वा, चौदाशे! पुरणात मात्र अठराशे." भाजीत मीठ कमी असलं की, "चौदाशे, लक्ष कुठे आहे?" पाहुण्यांना ती ही गंमत म्हणून सांगायची आणि सगळे हसेपर्यंत थांबायची. मी यांना म्हटलं, "तुमच्या बहिणीले सांगा, हे बंद करा म्हणा."

"अगं, ती गंमत करतेय. कशाला मनावर घेतेस?"

"तुमची गंमत केली असती तर?"

"माझे कुठे चौदाशे आहेत," म्हणत ते परत हसले. मी पंधरा दिवस त्यांचा डबा भरला नाही.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचे सहकारी बसतात. पंचेचाळिशीचे, बारीक मिशीचे, कामाच्या बाबतीत महा चिकट. एका दुपारी मी चिडून एक डाव घालवला तेव्हा त्यांनी मान तिरकी करून स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, तो घोडा कायले दिला फुकटात?" तेव्हा कळलं की तेही खेळतात. मी त्यांना आकड्याची गोष्ट सांगितली.

"तुमच्या नणंदबाई कुठं खेळतात? याच ॲपवर?"

मी तिच्या फोनवर पाहिलं होतं. तिचा पट तपकिरी होता, तसं सांगितलं.

ते हसले. "मग काहून रडून राह्यल्या? ते दुसरं गाव आहे. तिकडं पहिल्याच दिवशी पंधराशे हातात देतात. इकडं मी चौदाशे ऐंशी आहे, तिकडं अठराशे चाळीस. माणूस मी एकच."

त्यांनी मला नीट समजावलं. आकडा माणसाच्या डोक्यात नसतो. तुम्ही त्या ठिकाणच्या लोकांपैकी कितींना हरवता, त्यावरून तो ठरतो. एका ठिकाणी नवखे लाखोंनी येतात, दुसरीकडे जरा मुरलेले येतात, सुरुवात वेगळ्या आकड्यापासून, मोजायची रीतही वेगळी. म्हणून एका ॲपचे चौदाशे आणि दुसऱ्याचे अठराशे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. मला लगेच माझी दहावी आठवली. 'शाळेत मुलं किती होती' असं विचारणारी बाई, गणित शिकवणारी, हा प्रश्न स्वतःच्या अठराशेला एकदाही विचारत नव्हती.

त्याच संध्याकाळी मी तपकिरी पटावर खातं उघडलं. तीन आठवडे तिथेच खेळले. सुरुवातीला आकडा वरखाली उड्या मारत होता, मग बसला. सतराशे चौऱ्याहत्तर. तिचे तेव्हा अठराशे तीन होते.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी फोन तिच्यासमोर ठेवला. "ताई, हे पहा. तुमच्याच ॲपवर. तीन आठवड्यांत."

तिने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "खोटं आहे."

"खोटं कसं?"

"तीन आठवड्यांत चौदाशेचे पावणेअठराशे कोणी करत नाही, वहिनी. कॉम्प्युटरला विचारून खेळलं की कुणीही करतं. माझे विद्यार्थी करतात ना, मी पकडते त्यांना."

"मी चोरी केली म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. आकडा म्हणतो."

सासरे म्हणाले, "शक्य नाही ते." यजमान टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. रिमोट त्यांच्या मांडीवर होता.

मी दोन्ही ठिकाणांची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, पण रागात माझी भाषा गावाकडे जाते, आणि 'मले' ऐकलं की तिच्या चेहऱ्यावर ते जुनं शिकवणारं हसू येतं. मी अर्ध्यावर थांबले. चोर म्हणून माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं तोपर्यंत. ऑफिसात माझ्या हातून लाखोंची बिलं जातात, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही कधी. आणि इथे माझ्याच टेबलावर, माझी भाजी खाऊन, ही बाई.

त्यानंतर मी जे केलं ते चांगलं नव्हतं. मला त्याची लाज वाटत नाही, पण चांगलं नव्हतं एवढं कळतं.

मला खात्री होती की ती तपासून पाहणार. घरात काहीही बोलो, आकड्याचं कोडं ती सोडून देणारी नाही. दर दोन-चार दिवसांनी मी हिरव्या ॲपवर तिचं खातं शोधायची. तपकिरीवर ती कॉलेजातल्या जुन्या टोपणनावाने खेळते, तेच आणखी कुठे निघतं का ते पाहायची. महिनाभराने सापडलं. गुपचूप सत्तर डाव खेळली होती. तेराशे अडुसष्ट.

मी स्क्रीनशॉट काढला आणि जपून ठेवला. तिला कळलं होतं! मी खरं बोलत होते हे तिला आकड्यानिशी कळलं होतं, आणि तरीही त्यानंतरच्या दोन रविवारी ती मला 'चौदाशे' म्हणाली होती.

सासऱ्यांना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरी वीसेक नातेवाईक जमले. स्वयंपाक मी आणि कामाच्या बाईने केला. जेवणं उरकली, सगळे दिवाणखान्यात बसले, आणि तिने नागपूरच्या चुलत सासूबाईंना गंमत सांगायला घेतली. "आमच्या वहिनीपण बुद्धिबळ खेळतात बरं का. चौदाशे. मग एकदम सतराशे झाले, देव जाणे कसे."

मी फोन काढला. "ताई, तुमचे तेराशे अडुसष्ट आहेत. त्याच हिरव्या ॲपवर. सत्तर डाव खेळून. ग्रुपवर टाकू की इथंच दाखवू?"

ती पांढरी पडली. "तू माझ्या मागावर होतीस?"

"तुम्ही माझा फोन उचलला होता. मी तर फक्त शोधलं."

"किती खालच्या पातळीची आहेस तू."

"तेराशे अडुसष्टहून वरच्या," मी म्हणाले. कोणीतरी हसलं आणि ते हसू तिला फार लागलं.

मग जे तुंबलं होतं ते सगळं निघालं. ती म्हणाली, या घरात येऊन मी सगळ्यांना मुठीत ठेवलंय, तिच्या भावाला बोलता येत नाही, बाबांपर्यंत तिला पोचू देत नाही. मी म्हणाले, "बाबांचं औषध, बाबांची अंघोळ, बाबांचे दवाखाने मी करते. तुम्ही रविवारी येता, पट मांडता, जेवता आणि जाता. पोचायचं असेल तर मंगळवारी सकाळी या, चादरी बदलायला." हे सासऱ्यांच्या समोर. बोलून गेल्यावर मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांच्या रात्री भिजणाऱ्या चादरींबद्दल वीस माणसांत बोलायला नको होतं.

ते म्हणाले, "पट आणा."

यांनी पट आणला. लाकडी, जुना, सोंगट्या बोटाएवढ्या उंच. आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि नातेवाईक भोवती. मला वाटत होतं आज हिला संपवते. चार-पाच चालींतच कळलं की काहीतरी चुकतंय. फोनवर पट मी वरून पाहायची, सपाट, सगळं एका नजरेत. इथे सोंगट्या उभ्या होत्या, एकीच्या आड दुसरी. कोपऱ्यातला तिचा उंट मला दिसतच नव्हता. प्यादी मोजताना डोळे भिरभिरत होते. फोनवर चाल केली की मागच्या घरावर खूण राहते. इथे ती काय खेळली ते लक्षात ठेवावं लागत होतं. ती मात्र लहानपणापासून याच पटावर वाढलेली. तिची बोटं पाहत होते मी. ती विचार करायच्या आधीच बोटं योग्य सोंगटीकडे जायची. सव्वीस-सत्तावीस चालींत तो कोपऱ्यातला उंट आला आणि माझा हत्ती घेऊन गेला, पुढच्या तीन चालींत मात.

"आता हा कोणता आकडा?" ती म्हणाली.

"फोनवर खेळा. दहा मिनिटांचा डाव. आत्ता."

"मी इथे जिंकलेय."

सासरे माझ्याकडे वळले. "हरलीस. चहा टाक सगळ्यांना."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यात राग नव्हता, उपहास नव्हता, आणि त्यामुळेच ते मला सहन झालं नाही.

"मी टाकणार नाही," मी म्हणाले. चपला घातल्या आणि बाहेर पडले. आमच्या गल्लीतून दत्त चौकाकडे आणि तिथून पुढे कुठे कुठे, दीड तास चालत होते. परत आले तेव्हा पाहुणे गेले होते आणि यजमान सिंकमधले कप धूत होते. चहा त्यांनी केला होता. फार साखर पडली होती म्हणे.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. नक्की काय चुकलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तिने रविवारी येणं बंद केलं. मी ऑफिसात असताना अधूनमधून येऊन वडिलांना भेटून जायची. ग्रुपवर ती गप्प आणि मीही. सात महिने असेच गेले. मला बरं वाटत होतं हे खोटं नाही. रविवार मोकळा झाला होता. मी बाजारातून एक लाकडी पट विकत आणला आणि ऑफिसमधल्या त्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याने फोनवरचे डाव त्यावर मांडून पाहायला लागले. दोन-तीन महिन्यांनी सोंगट्या एकमेकींच्या आडून दिसायला लागल्या. ते सहकारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी खेळायचे आणि हरले की दिवसभर फायली आपटायचे.

एका रविवारी सासरे म्हणाले, "ती येत नाही. तू बैस."

मी त्यांच्याच पटासमोर बसले. त्यांचा हात कापत होता, सोंगटी उचलली की शेजारची पडायची. मी दयामाया दाखवली नाही. वजीर मिळाला तो घेतला, हत्ती मिळाला तो घेतला. त्यांनी राजा आडवा ठेवला. "खेळतेस की," म्हणाले.

"मी विचारलं तेव्हा बसवलं असतं तर तेव्हाही शिकले असते," मी म्हणाले.

त्यांनी ते ऐकलं. पुढच्या रविवारी त्यांनी परत बोलावलं आणि मी गेले. माझा राग कमी झाला होता म्हणून गेले असं मला म्हणता येणार नाही. जिंकायला आवडत होतं.

त्याच सुमाराला एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. हिरव्या ॲपवर आव्हान आलं होतं, दहा मिनिटांचा डाव, तिच्या टोपणनावाने. सोबत एक अक्षर नाही. मी सहकाऱ्यांना दाखवलं. "घ्या," ते म्हणाले, "घ्या आणि फोडा."

मी तो डाव जिंकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आव्हान, तो ती जिंकली. तेव्हापासून आठवड्यात तीन-चार डाव होतात. तिने संदेशांची सोय बंद करून ठेवली आहे आणि मीही. आता तिचे तिथे चौदाशे तीस आहेत, माझे चौदाशे साठ. जिंकलेले-हरलेले डाव जवळपास सारखे. तपकिरी पटावर मी जात नाही. तिथे माझा आकडा कितीवर थांबला ते पाहायलाही गेले नाही. यजमानांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे पटलं तुमचं. आता बोलून टाक ना तिच्याशी."

"कायले?" मी म्हणाले.

त्यांना वाटतं खेळणं म्हणजे समेट. तिने मला चोर म्हटलं होतं आणि ते शब्द तिने परत घेतलेले नाहीत. मी तिच्या वडिलांच्या चादरी चव्हाट्यावर मांडल्या, त्याबद्दल मी माफी मागितलेली नाही. डाव सुरू असताना तिचं घड्याळ सरताना दिसलं की मला अजून आत कुठेतरी गोड वाटतं. माझं सरत असेल तेव्हा तिलाही वाटत असणार.

गेल्या भाऊबीजेला ती आली. भावाला ओवाळलं, वडिलांपाशी बसली. मी वाढलं, ती जेवली, 'हवं का', 'नको', 'पुरे' एवढंच आमच्यात झालं. 'चौदाशे' ती म्हणाली नाही. निघताना दारात चप्पल घालत होती, मी दार लावायला मागे उभी होते.

"काल वजीर फार घाईत दिलास," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

"मले माहीत आहे," मी म्हणाले.

तिने 'मला' म्हणून सुधारलं नाही. गाडी सुरू केली आणि गेली. मी दार लावलं.